नाव माहीत नसलेलं घरातलं झाड पुन्हा पुन्हा पिवळं पडतंय? आधी मुळं बघा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. घरात एक झाड आहे, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. दिवाळीला ऑफिसातून मिळालेलं, बारशाचं रिटर्न गिफ्ट म्हणून आलेलं, नाहीतर स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून घेतलेलं. पहिले काही महिने छान जातात. मग खालची पानं पिवळी पडायला लागतात. पाणी वाढवून बघितलं, कमी करून बघितलं, खत घातलं, जागा बदलली. झाड जरा सावरतं आणि पुन्हा तेच. जुलै-ऑगस्टात तर हमखास.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो, "हे कुठलं झाड आहे?" प्रश्न योग्यच आहे, पण उत्तर मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. झाड पाणी कुठे साठवतं आणि त्याची मुळं कशी आहेत, एवढं कळलं तरी ते वाचवता येतं. नाव मागाहून शोधता येतं, आणि मुळं बघितलेली असली की नाव सापडतंही लवकर. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी मुळं, मग झाडाची ठेवण, मग नाव.

सगळ्यात आधी

खत बंद करा. आजारी मुळांना खत म्हणजे आणखी क्षार, आणखी ताण. पाणीही थांबवा, निदान माती तपासेपर्यंत. झाड घरात इकडून तिकडे हलवत राहू नका. फायकस जातीची काही झाडं नुसती जागा बदलली तरी पानं टाकतात, आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि हलवल्यामुळे झालेलं कुठलं, हे कळेनासं होतं.

आता कुंडी उचला. चिनीमातीच्या नाहीतर पितळेच्या शोभेच्या भांड्यात आत दुसरी काळी प्लॅस्टिकची कुंडी आहे का ते बघा. असली तर ती बाहेर काढून भांड्याच्या तळात डोकवा. तिथे पाणी दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं. आत कुंडी नसेल, तर भांड्याला भोक आहे का ते बघा. भेट म्हणून येणाऱ्या बऱ्याच भांड्यांना भोकच नसतं.

मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचं असंच होतं. "अगं, न चुकता रोज कपभर पाणी घालते, तरी मेलं पिवळंच पडतंय," असं त्या सांगत होत्या. पानं कढीपत्त्यासारखी दोन्ही बाजूंना ओळीने, पण जाड आणि पॉलिश केल्यासारखी चकचकीत. कुंडी उपसल्यावर खाली बटाट्यासारखे गड्डे निघाले, त्यातले दोन बोटाने दाबले की फुटत होते. झाडाने गड्ड्यांत महिनाभर पुरेल इतकं पाणी साठवलेलं, आणि वर रोज कपभर. ते झीझी प्लांट होतं, झामिओकल्कस. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरडा हंगाम गड्ड्यांच्या जोरावर काढणारं. कुजलेले गड्डे कापून टाकले, उरलेले चांगले गड्डे दोन दिवस सावलीत वाळवले, विटांचे तुकडे घातलेल्या मातीत लावले. नवीन कोंब यायला बराच काळ लागला, पण आले. नाव आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं.

मुळं कशी बघायची

कुंडी आडवी करून, बाजूंनी थोपटून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. खोड धरून ओढू नका. माती ओली असेल तर हे सोपं जातं. ती विटेसारखी कडक झाली असेल तर कुंडी तासभर पाण्याच्या बादलीत ठेवा आणि मग काढा.

निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर, घट्ट, टोकाशी ताजी दिसतात. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं आणि बुळबुळीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरचं साल हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो. वासही येतो, तुंबलेल्या मोरीसारखा. एक अपवाद लक्षात ठेवा: ड्रॅसिनाची मुळं मुळातच नारिंगी असतात. ती बघून घाबरू नका, उलट ती ओळखीची खूण समजा. स्नेक प्लांटचे जमिनीखालचे आडवे कोंबही नारिंगी झाक असलेले असतात.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे पाण्यात पोहणारे रोगजंतू त्यांच्यावर चढतात. मुळं गेली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मरगळतात. मरगळ बघून आपण आणखी पाणी घालतो. दर पावसाळ्यात हेच चक्र नव्याने सुरू होतं. तेव्हा मान टाकलेलं झाड दिसलं की आधी माती चाचपा. माती ओली आणि झाड मरगळलेलं, तर पाण्याला अजिबात हात लावायचा नाही.

बुरशीनाशकाबद्दल इथेच सांगते. दुकानात सहज मिळणाऱ्या पुड्यांमध्ये बहुधा कार्बेन्डाझिम असतं. ते या पिथियम-फायटोफ्थोरावर चालत नाही, कारण हे जंतू खऱ्या बुरशीच्या गटातले नाहीतच. पूड टाकून माती तशीच ओली ठेवली तर काही हाती लागत नाही. कुजलेला भाग स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापणं, कापलेली जागा वाळू देणं आणि माती बदलणं, खरं काम हेच. हळद, दालचिनी लावायची असेल तर लावा, पण वाळवण्याऐवजी नको.

मुळांचा गोळा बघताना आणखी एक गोष्ट सापडेल. नर्सरीतल्या बऱ्याच रोपांच्या मुळांभोवती कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाचा, घट्ट गोळा असतो, कधी त्याला बारीक जाळीची पिशवीही असते. दुकानदाराने तो गोळा तसाच लाल मातीत बसवलेला असतो. मग होतं काय, की बाहेरची लाल माती कडक होऊन पाणी कडेने सोडून देते आणि आतला कोकोपीट एकतर कोरडा ठणठणीत, नाहीतर आठवडाभर ओला. वरून बोट लावून यातलं काहीच कळत नाही. जाळी कापून काढा, गोळा बोटांनी हलकेच मोकळा करा. पुन्हा पुन्हा उद्भवणारी पिवळेपणाची तक्रार एवढ्याने थांबलेली मी अनेकदा पाहिली आहे.

झाडाची ठेवण काय सांगते

आता नावाकडे. पण थेट फोटो काढून ॲपला विचारण्याआधी पाच मिनिटं झाड नीट न्याहाळा. पान एकटं आहे, की एका दांड्यावर अनेक पानं मिळून एक संयुक्त पान आहे? पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? देठ गोल आहे की वरून पन्हळीसारखा खोलगट? पान तोडलं तर चीक येतो का, पांढरा की पाण्यासारखा? पेरांवर हवेत लोंबणारी मुळं आहेत का? खाली कंद, गड्डा की नुसती तंतुमुळं?

एवढ्यावरून कुळ कळतं, आणि देखभालीसाठी बहुतेकदा कुळ पुरतं. खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि चुरडल्यावर वास, म्हणजे तुळशीचं कुळ: कोलियस, पानओवा ही त्यातलीच. यांना ऊन लागतं आणि फांद्या पटकन रुजतात. पांढरा चीक आणि प्रत्येक पानाच्या तळाशी फांदीभोवती बारीक वर्तुळाकार वण, म्हणजे फायकस, वड-पिंपळाचं कुळ. रबर प्लांट आणि बारीक पानांचा बेंजामिना त्यातले. पांढरा चीक आणि काटे किंवा मांसल खोड असेल तर युफोर्बिया असण्याची शक्यता मोठी, आणि तो चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. देठ आणि पान जिथे जुळतात तिथे छोटीशी फुगीर गाठ आहे आणि पानं रात्री उभी होऊन मिटतात, तर ते कॅलेथिया-मरांटाचं कुळ. याला एसीची कोरडी हवा मानवत नाही, मुंबईचा पावसाळा मात्र मनापासून मानवतो.

घरातल्या अनोळखी झाडांपैकी खूपशी निघतात ती अळूच्या कुळातली. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, डायफेनबेकिया, अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली, कॅलेडियम, अलोकेशिया, मॉन्स्टेरा आणि वर सांगितलेलं झीझी, सगळी अळू-सुरणाची भावंडं. अळूची पानं कच्ची खाल्ली तर घसा खाजतो, तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच स्फटिक यांच्यातही असतात. म्हणून अनोळखी झाडाची चव बघून ओळख पटवायचा उद्योग कुणी करू नये. डायफेनबेकियाचं पान चघळलं तर तोंड आणि जीभ सुजते. रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रा घरात असेल तर नाव कळेपर्यंत झाड उंचावर ठेवा. कुणी पान चावलंच तर तोंड पाण्याने धुवा, झाडाचा फोटो घ्या आणि डॉक्टरकडे जा. जनावर असेल तर व्हेटकडे. ताडासारखं दिसणारं सायकस कुत्र्यांना आणि खरी लिली (लिलियम; पीस लिली नव्हे) मांजरांना जीवघेणी ठरते, त्यामुळे या दोन्हींचा संशय जरी आला तरी झाड घराबाहेर.

नेहमी गोंधळ होणाऱ्या जोड्या

मनी प्लांट आणि हृदयाकृती पानाचा फिलोडेंड्रॉन. मनी प्लांटच्या देठाला वरून पन्हळ असते, पान जाडसर आणि किंचित उंचसखल लागतं. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका पातळ वेष्टनातून बाहेर येतं, ते वेष्टन नंतर वाळून तपकिरी होतं. देखभाल दोघांची सारखी, म्हणून इथे चूक झाली तरी बिघडत नाही.

मनी प्लांटचीच आणखी एक गंमत. तो झाडावर चढला की त्याची पानं हातभर मोठी आणि कडेने चिरलेली होतात. मुंबईच्या बागांमध्ये, जुन्या सोसायट्यांमध्ये पर्जन्यवृक्षाच्या खोडावर ही मोठाली पानं दिसतात आणि लोक त्याला मॉन्स्टेरा समजतात. सिंगोनियमही लहानपणी बाणाच्या टोकासारखं पान देतं आणि मोठेपणी ते पान पाच-सात भागांत फाटतं. तेव्हा ओळखताना झाडाचं वय विचारात घ्या. फोटोतल्याशी जुळलं नाही म्हणून उत्तर चुकीचं असेलच असं नाही.

डायफेनबेकियाचा बुंधा जाड, उसासारखा, पडलेल्या पानांच्या वणांची वर्तुळं असलेला असतो आणि तो एकच उंच वाढतो. अ‍ॅग्लोनिमा बुटकं, तळातून पिल्लं काढत पसरणारं.

जेड म्हणून आपल्याकडे नर्सरीत जे मिळतं ते बहुधा पोर्तुलाकारिया असतं: नखाएवढी गोल पानं, लालसर तपकिरी बारीक फांद्या. खरं जेड म्हणजे क्रॅसुला, पानं अंगठ्याएवढी, जाड, कडेला उन्हात लाल होणारी. इथे मात्र चूक महागात पडते. पोर्तुलाकारिया मुंबईचा पाऊस बऱ्यापैकी सोसतो, क्रॅसुला पावसात ठेवला की बुंध्यातून कुजतो.

लकी बांबू हा बांबू नाही, ड्रॅसिना आहे. आणि स्नेक प्लांटचं शास्त्रीय नाव शोधताना गोंधळू नका: पूर्वी त्याला सॅनसेव्हिएरिया म्हणत, अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिनातच घातलं आहे. दोन ठिकाणी दोन नावं दिसली तरी झाड तेच.

कुंडीतून लांब गवतासारखी पानं आणि खाली पांढरी, मुळ्यासारखी फुगलेली मुळं निघाली तर तो स्पायडर प्लांट, क्लोरोफायटम. याच गणातली एक सफेद मुसळी पहिल्यांदा नोंदली गेली ती आपल्या बोरिवलीवरून, म्हणून तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम.

आणि ज्यांचं अनोळखी झाड दर हिवाळ्यात "मरतं", त्यांच्यासाठी: पानं पातळ, बाणासारखी, गुलाबी-पांढऱ्या-हिरव्या नक्षीची होती का? मग ते कॅलेडियम. नोव्हेंबरच्या सुमारास त्याची पानं एकेक करून झोपतात आणि खाली कंद जिवंत राहतो. कुंडी फेकू नका. कोरड्या जागी ठेवा, पाणी जवळजवळ बंद करा. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंब दिसला की पुन्हा पाणी सुरू करा. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल देणारी फुटबॉल लिलीही अशीच झोपते. दर वर्षी कितीतरी जिवंत कंद कचऱ्याच्या डब्यात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ॲपला विचारताना

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट तिन्ही फुकट आहेत. प्लांटनेट फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी २००९ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे, त्यात पान, फूल, खोड असे वेगवेगळे भाग वेगळे सांगता येतात. एकच अख्ख्या झाडाचा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो टाकला तर उत्तर भलतंच येतं. दिवसाच्या उजेडात चार फोटो काढा: पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जुळतं ती जागा आणि पूर्ण झाड. पिवळं पडलेलं पान घेऊ नका, निरोगी घ्या. फूल असेल तर सोन्याहून पिवळं, मात्र हातगाडीवरच्या कॅक्टसवर कधीकधी वाळकी रंगीत फुलं चिकटवलेली असतात, ती आधी तपासा.

ॲपने दिलेल्या पहिल्या नावावर थांबू नका. पहिली तीन नावं घ्या आणि तुम्ही आधी न्याहाळलेल्या खुणांशी ताडून बघा. चीक येतो का, देठाला पन्हळ आहे का, खाली गड्डा आहे का, हे ॲपला फोटोतून दिसत नाही, तुम्हाला दिसलेलं आहे. झाड मोठं आणि लाकडी खोडाचं असेल तर भायखळ्याच्या राणीबागेत एक फेरी मारा. १८६२ मध्ये खुली झालेल्या या बागेत अनेक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, आणि घरात दोन फूट उंच असलेलं झाड मोठेपणी कसं दिसतं हे तिथे कळतं.

नाव मिळालं नाही तरी पाणी कसं ठरवायचं

पानं, खोड किंवा मुळं फुगीर आणि मांसल असतील तर माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी. पावसाळ्यात घरातल्या अशा झाडाला दोन-तीन आठवडे पाणी नाही दिलं तरी चालतं. ग्रिलमध्ये पाऊस लागत असेल तर ते आत घ्या. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ज्या झाडांचं मूळ गाव कोरडं, त्यांना हे झेपत नाही.

पानं जाडसर पण मांसल नाहीत, वेल आहे किंवा बुंधा उसासारखा आहे, तर कुंडीतली वरची अर्धी माती सुकल्यावर पाणी. मनी प्लांट, ड्रॅसिना, रबर, डायफेनबेकिया यांत बसतात.

पानं कागदासारखी पातळ आणि मुळं केसांसारखी बारीक, म्हणजे नेचे, फिटोनिया, कॅलेथिया, तर वरचा थर कोरडा झाला की लगेच पाणी. माती दमट हवी, चिखल नको.

माती तपासायला बोटापेक्षा उदबत्तीची जुनी काडी बरी. तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओलसर आणि माती चिकटलेली निघाली तर आज पाणी नाही. काही दिवसांत कुंडी उचलून वजनावरूनही कळायला लागतं. पाणी द्याल तेव्हा तळातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं लगेच ओता. रोज थोडंथोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, त्याने वरचा थर कायम ओला आणि तळाची मुळं उपाशी राहतात.

ताटल्यांचं आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनी प्लांटच्या बाटल्या, लकी बांबूची भांडी, कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून आतून घासा. अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

पावसाळ्यात माती ठेवायची कशी

नर्सरीची लाल माती एकटी वापरू नका. घरातल्या बहुतेक झाडांना एक भाग लाल माती, एक भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग काहीतरी भरड चालतं. भरड म्हणजे विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाड वाळू, परलाइट (पांढरे, हलके दाणे) किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. झीझी, स्नेक प्लांट, जेड यांना भरड भाग दुप्पट आणि गांडूळखत निम्मं. कोकोपीट भिजवून दोनदा पिळून घ्या, त्यात क्षार असतात. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त ओल, आणि ती शोषायला पुरेशी मुळं नाहीत, म्हणून पुन्हा कूज. मुळं कापली असतील तर उलट लहान कुंडी घ्या.

मे महिन्यात माती बदलणं टाळा. जूनमध्ये ढग आल्यावर झाड लवकर सावरतं. पण मुळं कुजतच असतील तर महिना बघत बसू नका, त्याच दिवशी काढा.

पिवळेपणाची इतर कारणं

सगळ्यात खालचं एखादं पान अधूनमधून पिवळं पडत असेल तर ते म्हातारं झालं, सोडून द्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. बोअरिंगचं क्षारयुक्त पाणी घालत असाल तर ते बंद करून नळाचं घालून बघा. टोकं तपकिरी आणि कुरकुरीत, तर क्षार, एसीचा थेट झोत किंवा पाण्याची अनियमितता. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट फ्लोराइडलाही हळवे असतात. बाल्कनीतल्या एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी असेल तर ती गरम हवा पानं भाजते. असली जागा बघायला लोक विसरतात. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेत पानावर पांढुरके भाजके चट्टे आले तर पडदा लावा.

पावसात पानांवर ओले, काळपट ठिपके आणि भोवती पिवळं वलय, तर ती पानं काढून टाका, पानांवर पाणी मारू नका, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून पंख्याची हवा खेळू द्या. पहाटे पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसला तर तो रोग नाही. दमट रात्री अळूच्या कुळातली झाडं जादा पाणी तसं बाहेर टाकतात.

किडीसाठी पानाची मागची बाजू आणि देठाच्या खाचा बघा. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, चिकट पान आणि मुंग्यांची रांग म्हणजे तोच किंवा खवले कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. ऑक्टोबरच्या उकाड्यात बारीक जाळी आणि पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसले तर लाल कोळी. पानं दोन्ही बाजूंनी नळाखाली धुवा, तीन-तीन दिवसांनी. मातीवरून उडणारी चिलटं आली तर माती फार ओली राहतेय, एवढं निदान पुरे.

मुळं चांगली, माती सुकी, कीड नाही, तरी झाड खंगत असेल तर उजेड बघा. दुपारी, दिवा न लावता, झाडाच्या जागी बसून छापील मजकूर सहज वाचता येतो का? नाही आला तर ती जागा झाडाला अंधारी आहे. समोर टॉवर उभा राहिलेल्या खालच्या मजल्यांवर ही अडचण खरी असते, आणि पावसाळ्यात उजेड आणखी घटतो. पेरांमधलं अंतर वाढणं, पानं लहान होणं, रंगीत नक्षी जाऊन हिरवं पडणं ही त्याची लक्षणं. खिडकीजवळ न्या किंवा पांढरा एलईडी दिवा फूटभर अंतरावर दहा-बारा तास लावा.

उपाय करण्याआधी एक फांदी विम्यासारखी वेगळी रुजत ठेवा. वेलांची पेरासकट फांदी पाण्यात रुजते. झीझीचं एकेक पान आणि स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडाही रुजतो, मात्र पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पानापासून केला तर पिल्लू साधं हिरवं निघतं; काठ हवा असेल तर मुळापासून पिल्लं वेगळी करा.

पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याकडे बघून उपाय चालला की नाही हे ठरवू नका. नवं पान बघा. मनी प्लांट, सिंगोनियम तीन-चार आठवड्यांत दाखवतात. ड्रॅसिना वेळ घेतो. झीझी महिनोन्‌महिने तसाच उभा राहतो आणि आत गड्डे भरत असतो. त्या काळात देठ घट्ट आहेत आणि नवी पानं पिवळी पडत नाहीत, एवढं दिसलं तर त्याला हात लावू नका, उकरून बघू नका.